पोलादी ठोकळा आणि उतरणारा सूर

१९५३ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात, लिओ फेंडरच्या कारखान्यात एक नवी गिटार बाजारात जायच्या बेतात होती. वादकाच्या बरगड्यांना टोचू नये म्हणून तिचं लाकडी अंग मागून तासून घेतलं होतं, वर तीन पिकअप बसवले होते, आणि तारा जिथे अंगावर टेकतात तिथे एक हलती यंत्रणा होती. उजव्या हाताशी एक दांडी असे. ती दाबली की सहाही तारा एकदम सैल पडत आणि सूर खाली लवत असे. सोडली की तो परत वर येई. प्रत्येक तार छोट्याशा रोलरवरून मागच्या पट्टीकडे जात होती. घर्षण कमी, म्हणजे सूर बिनचूक जागेवर येणार, असा हिशेब होता. भाग घडवायची हत्यारंसुद्धा तयार झाली होती. मग गिटार नीट वाजवून पाहिली आणि सगळं काम थांबलं. दांडी चालत होती, पण आवाज गेला होता. नाद पातळ आणि आस जेमतेम. तार छेडली की सूर टणकन उमटायचा आणि बँजोसारखा लगेच विझायचा.

लिओनं ती हत्यारं मोडीत काढली. छोट्या कारखान्याला हा खर्च झेपणारा नव्हता, आणि त्यात काही महिने गेले ते वेगळेच. ज्या माणसानं हा निर्णय घेतला त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो हिशेबनीस म्हणून शिकलेला, पुढे रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस. पण वाजवणाऱ्यांच्या कानावर त्याचा पूर्ण विश्वास होता. बिल कार्सनसारखे कंट्री संगीतातले वादक कारखान्यात येऊन तक्रारी सांगत आणि लिओ त्या मुकाट्यानं ऐकून पुन्हा टेबलाशी बसे.

विजेच्या गिटारच्या ब्रिजचा पुढचा सगळा इतिहास त्या एका फसलेल्या नमुन्यात दडलेला आहे. सूर टिकवायचा की नाद राखायचा, हा पेच तिथे पहिल्यांदा इतका उघडा पडला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत अनेक हुशार माणसांनी तो सोडवायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येकानं एका बाजूला काही मिळवताना दुसऱ्या बाजूला काहीतरी सोडलं.

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. गिटारच्या ब्रिजला आपल्या तंबोऱ्यावर घोडी म्हणतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर त्या घोडीचा माथा केसभर इकडे, केसभर तिकडे घासतो आणि प्रत्येक वेळी तार छेडून कान देतो. रुंद, किंचित उतरत्या माथ्याला तार घासत राहते म्हणून तंबोरा गुंजतो. त्याखाली सुताचा धागा सरकवला की ते गुंजन उमलतं. तिथे घोडीचं काम नादाचं. सुराचा मोठा फरक खुंटीवर मिटवायचा आणि बारीक फरक घोडीच्या मागे तारेत ओवलेल्या मण्यावर. दोन कामं दोन जागी वाटलेली आहेत, आणि घोडीला हलायला कोणी सांगत नाही. गिटारच्या ब्रिजवर मात्र नाद, सूर आणि दांडीची हालचाल अशी तिन्ही ओझी एकाच वेळी येऊन पडली.

ती हालचाल आली हवाईवरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवरच्या वादकांनी पोलादी कांडी तारेवर सरकवून गिटार वाजवायची रीत अमेरिकेत नेली आणि लोक तिच्यामागे अक्षरशः वेडे झाले. आपण ज्याला मींड म्हणतो ती तिथल्या कानांना नवी होती. साध्या, उभ्या धरायच्या गिटारवर ती आणायची कशी? क्लेटन कॉफमन, ज्याला सगळे ‘डॉक’ म्हणत, त्यानं तारांच्या मागच्या टोकाला दांडी जोडली. १९२९ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मिळालं. यंत्राचं नाव ‘व्हायब्रोला’. दांडी आडवी हलवली की तारांचा ताण बदले. रिकनबॅकर कंपनीनं १९३७ च्या सुमारास एका गिटारमध्ये ही दांडी हलवायला चक्क विजेची मोटर बसवली. सूर आपोआप थरथरत राही. याच कॉफमननं पुढे १९४५ मध्ये लिओ फेंडरबरोबर भागीदारीत कारखाना काढला. भागीदारी वर्षभरातच सुटली, पण हलत्या ब्रिजचं वेड लिओकडे पोचलं होतं.

व्हायब्रोलाचं दुखणं एकच. दांडी सोडली की तारा पूर्वीच्या जागी येत नसत. हे का होतं ते समजायला विहिरीवरचा रहाट आठवावा. दोर खाली सोडून परत ओढला की तो चाकाच्या खोबणीत नेमक्या त्याच जागी बसतो असं नाही. कुठेतरी अडतो, थोडा घसरतो. गिटारची तार खुंटीपासून ब्रिजपर्यंत जाताना अशा तीन-चार ठिकाणी टेकते. मानेच्या टोकाला असलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, म्हणजे नट, तारांना खाली दाबून धरणारी हूक, खुंटीवरचे वेढे, आणि ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे खोगीर, घोडीला शोभणारंच नाव. प्रत्येक ठिकाणी तार केसाच्या अंशानं अडली तरी सूर उतरलेला किंवा चढलेला कानाला लगेच कळतो.

मर्ल ट्रॅव्हिस हा केंटकीचा गिटारवादक या त्रासाला कंटाळला होता. त्यानं आपली व्हायब्रोला दुरुस्तीला दिली पॉल बिग्सबीकडे. बिग्सबी मोटारसायकलींच्या शर्यतीतला माणूस, धंद्यानं साचे घडवणारा. मोटारसायकलीच्या कारखान्यात धातूचे भाग ओतण्याचे साचे बनवून त्याचा हात बसला होता. त्यानं जुनं यंत्र दुरुस्त करून पाहिलं आणि मग पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचं नवं बनवलं. ॲल्युमिनियमची ओतीव चौकट, तारा गुंडाळलेली एक फिरती कांडी आणि दांडीखाली एकच जाडजूड स्प्रिंग. बिग्सबीची दांडी फार खाली जात नाही. अर्ध्या सुराच्या आसपास डुलते. या मर्यादेमुळेच ती बऱ्यापैकी सुरात राहते. चेट ॲटकिन्स आणि ड्वेन एडी यांच्या ध्वनिमुद्रणांत सुरांच्या कडांना जी हलकी लहर ऐकू येते ती या यंत्राची. लॉनी मॅकनं १९६३ मध्ये ‘व्हॅम!’ नावाच्या रचनेत ती इतकी जोरात वापरली की दांडीला ‘व्हॅमी बार’ हे नाव तिथूनच पडलं असं मानतात.

आता पुन्हा फुलर्टनला.

फेंडरच्या १९५० च्या पहिल्या गिटारवर, जिला पुढे टेलिकास्टर नाव मिळालं, ब्रिज अगदी साधा होता. पोलादी पत्रा, त्यावर पितळेची तीन सॅडल्स, प्रत्येकावर दोन तारा, आणि तारा लाकडाच्या आरपार मागून ओवलेल्या. हलणारं काही नाही. पण सहा तारांची जाडी वेगवेगळी, त्यामुळे मानेवर वरपर्यंत सुरात राहायला प्रत्येकीची लांबी थोडी वेगळी हवी. तीन सॅडल्सवर ते पूर्ण जमत नाही. दोन तारांमध्ये तडजोड करावी लागते आणि एखादा स्वर कायम किंचित बोचतो. तरीही सहा सॅडल्सचा ब्रिज मिळू लागल्यावर अनेक वादकांनी तो नाकारला. पितळेच्या तीन जाड कांड्यांवर दोन-दोन तारांचा दाब पडतो तेव्हा त्या गिटारचा जो करकरीत, भरीव टणत्कार निघतो तो सहा बारक्या तुकड्यांवर हरवतो, असं त्यांचं म्हणणं. डॅनी गॅटनसारख्या वादकानं तीनच पितळी सॅडल्स ठेवून ती तिरकी बसवण्याची वाट धरली, म्हणजे जाड तारेला थोडी जास्त लांबी मिळते. आजही टेलिकास्टरसाठी असे तिरके पितळी तुकडे विकले जातात.

मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या गिब्सन कंपनीनं हाच रस्ता उलट दिशेनं कापला. १९५२ च्या पहिल्या लेस पॉल गिटारवर मान इतकी सपाट बसवली गेली होती की तारा ब्रिजच्या पट्टीखालून गुंडाळाव्या लागत. उजव्या हाताचा तळवा टेकवून तारा दाबायच्या, हे त्या काळातल्या वादकांचं नेहमीचं तंत्र. ते तिथे जमेना. १९५३ च्या अखेरीला दोन खिळ्यांवर बसवलेली एक सरळसोट पट्टी आली. तारा तिच्यावरून वळून पुढे येत. घोडी तीच आणि तारा अडकवायची जागाही तीच. १९५४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांचा ‘ट्यून-ओ-मॅटिक’ ब्रिज आला: सहा स्वतंत्र सॅडल्स, प्रत्येक स्क्रूनं पुढे-मागे होणारं. सुराचा प्रश्न मिटला. पण स्वस्तात विकायच्या लेस पॉल ज्युनियरवर जुनी पट्टीच राहिली, आणि लेस्ली वेस्टनं सत्तरच्या सुमाराला तसल्या विद्यार्थ्यांसाठीच्या गिटारमधून जो दणदणीत आवाज काढला त्यानं महागड्या गिटारवाल्यांनाही मान वळवायला लावली. कमी तुकडे, कमी सांधे, तारेची कंपनं सरळ लाकडात. ज्युनियर सुरात थोडी वाकडी असते हे वाजवणाऱ्याला ठाऊक असतं आणि तरी तो ती सोडत नाही.

फसलेल्या नमुन्यानंतर लिओनं जे केलं ते या सगळ्या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. हवाईतल्या माउई बेटावर जन्मलेला, स्वतः उत्तम स्टील गिटार वाजवणारा फ्रेडी टवारेस १९५३ मध्येच कारखान्यात रुजू झाला होता. नवा ब्रिज त्या दिवसांत घडला. रोलर आणि वेगळी मागची पट्टी गेली. त्याऐवजी ब्रिजचा पत्रा सहा स्क्रूंच्या कडेवर दरवाज्यासारखा झुलू लागला आणि त्याच्या पोटाशी पोलादाचा एक जड ठोकळा आला. तारा त्या ठोकळ्यातून ओवायच्या, आणि लाकडाच्या मागच्या पोकळीत त्याला पाचपर्यंत स्प्रिंगा अडकवायच्या. सॅडल्स सहा, तीही ब्रिजबरोबरच हलणारी, म्हणून नाव ‘सिंक्रोनाइज्ड ट्रेमोलो’. नाव चुकीचं होतं. ट्रेमोलो म्हणजे आवाजाची चढउतार. सुराच्या लहरीला व्हायब्रॅटो म्हणतात. लिओनं अॅम्प्लिफायरवर नेमकी उलटी चूक केली आणि दोन्ही नावं जगभर तशीच रुजली.

खरी करामत ठोकळ्याची. तार कंप पावते तेव्हा ती ब्रिजलाही आपल्याबरोबर ओढत असते. ब्रिज हलका असेल तर तो तिच्यासोबत थरथरतो आणि तारेची शक्ती पिऊन टाकतो. जड असेल तर तो हटत नाही, कंपनं तारेत परत जातात आणि आस लांबते. आधीच्या नमुन्यातल्या रोलरांना हे वजन नव्हतं. लिओनं हलणाऱ्या वस्तूला इतकं जड केलं की ती न हलणाऱ्या वस्तूसारखी वागू लागली. एका न वाजवणाऱ्या माणसानं केवळ ऐकून हे गाठलं, याचं आजही नवल वाटतं. १९५४ मध्ये ही गिटार स्ट्रॅटोकास्टर या नावानं बाजारात आली तेव्हा दांडीसकट तिची किंमत २४९.५० डॉलर होती आणि दांडीशिवाय २२९.५०. कारखान्याच्या मते त्या लहरीचं मोल वीस डॉलर होतं. पेटंट १९५६ मध्ये मिळालं.

नाद वाचला. सुराचं काय? इथे तराजू डोळ्यांसमोर आणावा. एका पारड्यात सहा तारांचा एकत्रित ताण, साधारण पंचेचाळीस किलोच्या घरात. दुसऱ्या पारड्यात स्प्रिंगा. ब्रिज या दोन ओढींच्या मधोमध तरंगतो. एक तार बोटानं ओढून स्वर चढवला की पारडं झुकतं आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. एखादी तार तुटली तर उलट होतं: स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाच तारा वर चढतात. चालू कार्यक्रमात तार तुटली म्हणजे सगळी गिटारच बेसूर. नटमधलं घर्षण पूर्वीसारखंच होतं. द शॅडोजच्या हँक मार्व्हिननं १९६० च्या ‘अपॅची’त दांडी जशी हळुवार डोलवली तेवढ्यापुरतं हे यंत्र उत्तम चाले. ते बनलंच होतं तेवढ्यासाठी.

मग जिमी हेंड्रिक्स आला. १८ ऑगस्ट १९६९ च्या सोमवारी सकाळी वुडस्टॉकच्या मंचावर त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं तेव्हा दांडी लाकडाला टेकेपर्यंत दाबून त्यानं बॉम्ब पडतानाचे, विमानं सूर मारतानाचे आवाज काढले. तारा अगदी लोंबकळेपर्यंत सैल व्हायच्या आणि परत ताणल्या जायच्या. यानंतर कोणतीही तार जागेवर येणं शक्यच नव्हतं. त्याची ध्वनिमुद्रणं ऐकताना गाण्यांच्या मध्ये, कधी गाणं चालू असतानाही, खुंट्या पिळण्याची त्याची धडपड ऐकू येते. बिघडलेल्या सुरालाही तो पुढच्या वाक्यात वळवून घेई. हे कसब इतर कोणाला क्वचितच साधलं.

एरिक क्लॅप्टननं दुसरं टोक गाठलं. १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरांपैकी तिघींचे भाग एकत्र करून त्यानं ‘ब्लॅकी’ बांधली. दांडी त्याला नकोच होती. पाचही स्प्रिंगा लावून, ठोकळ्याच्या मागे लाकडाचा तुकडा बसवून त्यानं ब्रिज जखडून टाकला. म्हणजे लिओनं झुलण्यासाठी घडवलेलं यंत्र झुलणं सोडून फक्त आपल्या वजनासाठी तिथे राहिलं. स्प्रिंगा आणि मागची पोकळी यांची किंचित घुमणारी गाज त्यात शिल्लक राहते, म्हणून अनेकांना दांडी नसलेल्या स्ट्रॅटोकास्टरपेक्षा ही जखडलेली जास्त आवडते. त्याच सुमारास, १९७१ च्या अखेरीला, फेंडरच्या नव्या मालकांनी पोलादी ठोकळा काढून जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव ठोकळा बसवायला सुरुवात केली. बनवायला तो सोपा आणि स्वस्त. वादकांच्या कानांनी फरक पकडला आणि जुने पोलादी ठोकळे शोधून बसवण्याचा एक छोटा धंदाच उभा राहिला.

एडी व्हॅन हेलनच्या १९७८ च्या पहिल्या तबकडीवर ‘इरप्शन’ नावाचा पावणेदोन मिनिटांचा तुकडा आहे. त्यातल्या सुरांच्या कोसळण्या ऐकून त्या काळच्या गिटारवाल्यांना वाटलं की याच्याकडे काही गुप्त यंत्र आहे. होता तो साधा फेंडरचा ब्रिज. बाकी सगळी हातचलाखी होती. त्यानं पितळी नटच्या खोबणी रुंद केल्या, त्यात शिलाई यंत्राला घालतात तसलं तेल सोडलं, तारा उकळून घेतल्या म्हणजे त्या आधीच ताणून निघतील, आणि तारांवरची हूक टाळली. एक एक अडथळा वेचून काढायचा. इतकं करूनही दांडी वापरताना कोणती तार किती फसवणार हे त्याला हातानं जोखावं लागे.

तोवर सिएटलच्या बाजूला फ्लॉइड रोझ नावाचा तरुण, हेंड्रिक्स आणि डीप पर्पलच्या प्रेमात पडलेला, त्याच प्रश्नाशी झुंजत होता. तो दागिनेही घडवत असे. तेल घालून, घर्षण कमी करून पाहून झालं होतं. १९७६ मध्ये त्याच्या डोक्यात उलटा विचार आला: तार सरकते म्हणून सूर जातो, तर तिला सरकूच द्यायचं नाही. दागिन्यांच्या हत्यारांनी त्यानं पितळेचा नट घडवला, त्यावर तीन चाप बसवले आणि स्क्रूनं तारा जागच्या जागी आवळून टाकल्या. आपल्या १९५७ च्या स्ट्रॅटोकास्टरवर तो बसवला. पितळ मऊ पडलं, झिजलं. मग कडक केलेलं पोलाद आलं. पुढची पायरी ब्रिजची. तारेचं गोळीसारखं टोक छाटायचं आणि तार सॅडलमध्येच चिमटून धरायची. आता ती दोन्ही टोकांना बंद. नटमागे वेढे असोत, हूक असो, कशाचा संबंध उरला नाही. ब्रिज दोन खुंटांवर, सुरीच्या पात्यासारख्या धारदार कडेनं तोलला. १९७९ मध्ये पेटंट मिळालं.

या यंत्रावर दांडी सहजच लाकडापर्यंत दाबता येते, वरही खेचता येते, आणि सोडल्यावर सहाही तारा जागच्या जागी येतात. सव्वीस वर्षांपूर्वी फुलर्टनमध्ये जे जमलं नव्हतं ते अखेर जमलं. फक्त नट बंद झाल्यावर खुंट्या पिळून उपयोग उरला नाही. म्हणून रोझला ब्रिजच्या मागच्या बाजूला सहा छोटे स्क्रू द्यावे लागले, बोटानं फिरवून बारीक फरक मिटवायला. तंबोऱ्याच्या मण्याचंच काम, जवळजवळ त्याच जागी. शतकानुशतकं आपल्या वादकांच्या अंगवळणी पडलेली वाटणी इथे वेगळ्या वाटेनं परत आली: मोठा ताण एका टोकाला, बारीक सूर घोडीशी.

किंमत नादानं मोजली. हे यंत्र बसवायला गिटारच्या लाकडात खोल चौक खणावा लागतो. ब्रिज लाकडाला टेकतो तो फक्त दोन खुंटांच्या धारेवर, पत्रा तुलनेनं बारीक आणि ठोकळा आखूड. जुन्या स्ट्रॅटोकास्टरवरून या गिटारवर आलेल्या वादकांना आवाज झळझळीत पण बुडाला पोकळ लागला. खर्जाचा भरणा कमी. स्वतः व्हॅन हेलननं ते यंत्र लाकडाला टेकवून बसवलं, म्हणजे दांडी फक्त खाली जाईल, वर खेचता येणार नाही. अर्धी सुविधा त्यानं सोडून दिली. बदल्यात ब्रिजचा सगळा तळ लाकडाला लागला आणि तार तुटली तरी बाकीच्या तारा वर चढेनाशा झाल्या. याच बैठकीमुळे पुढे त्याला जाड तार एका हालचालीत एक स्वर खाली उतरवणारा ‘डी-ट्यूना’ हा छोटा भाग जोडता आला. तरंगत्या ब्रिजवर तो चालतच नाही. पुढे जाड पितळी ठोकळे विकणारे कारागीरही आले. म्हणजे पुन्हा वजनच. १९५४ चं उत्तर नव्या यंत्राला ठिगळासारखं लावलं जाऊ लागलं.

ऐंशीच्या दशकानं ही देवघेव आनंदानं मान्य केली. वेगवान, विकृत केलेल्या, भरपूर ताकदीच्या आवाजाचं ते संगीत होतं; तिथे अॅम्प्लिफायर आसही पुरवत होता आणि खर्जही. न्यू जर्सीच्या क्रेमर कंपनीनं फ्लॉइड रोझशी करार करून आपलं नशीब उजळवून घेतलं. १९८७ मध्ये स्टीव्ह वायच्या नावानं आलेल्या इबानेझ गिटारमध्ये ब्रिजच्या मागे सिंहाच्या पंजाच्या ओरखड्यांसारखी खोदाई होती, दांडी वर खेचायला जागा म्हणून. लाकूड आणखी गेलं, त्याची कोणाला फिकीर नव्हती. नेड स्टाइनबर्गरनं तर असा ब्रिज बनवला की दांडी दाबताना सहाही तारा एकमेकींशी सुरात राहूनच खाली यायच्या, संपूर्ण स्वरमेळ जसाच्या तसा सरकायचा. यंत्र म्हणून ते फार सुंदर होतं. पण त्याला खास बनवलेल्या, दोन्ही टोकांना गोळ्या असलेल्या तारा लागत, आणि फार थोड्यांनी त्याच्याशी लग्न लावलं. त्यानंतर २०१० च्या आसपास आलेला ‘एव्हरट्यून’ ब्रिज या वाटेचं सध्याचं शेवटचं टोक आहे. प्रत्येक तारेला स्वतःची स्प्रिंग आणि तरफ. तार ताणली किंवा सैल झाली तरी स्प्रिंग तिचा ताण तेवढाच राखते. थंडी, घाम, जोरात ओढलेला पिक, कशानंही सूर ढळत नाही. स्टुडिओत जड धातुसंगीत मुद्रित करणाऱ्यांना तो वरदान वाटतो. दांडी मात्र त्याला नाही, आणि गिटारच्या पोटातला मोठा भाग त्यासाठी कापून काढावा लागतो. काहींना तारेचा पहिला ठोसा त्यावर किंचित मऊ लागतो.

आता त्या मोडीत काढलेल्या नमुन्याचं पुढे काय झालं ते. लिओनं ती कल्पना मनातून टाकली नव्हती. १९५८ मध्ये त्यानं जॅझमास्टर नावाची गिटार काढली, आणि तिच्यावर पुन्हा वेगळा ब्रिज आणि वेगळी मागची पट्टी होती. या वेळी रोलर नव्हते. ब्रिजच दोन टोकदार पायांवर मागेपुढे डुलत होता, म्हणजे तारा त्याच्यावर घासण्याऐवजी तो तारांबरोबर झुलेल. तार तुटली तर बाकीच्या सुरात राहाव्यात म्हणून दांडीजवळ एक कळ होती. जाड तारा लावणाऱ्या जॅझवाल्यांसाठी हे सगळं आखलं होतं. त्यांनी पाठ फिरवली आणि कॅलिफोर्नियातल्या सर्फ संगीतवाल्या पोरांनी ती उचलली. नंतर बारीक तारांचा काळ आला. ब्रिजवर दाब कमी, त्यामुळे जोरात छेडलं की तारा खोबणीतून उड्या मारायच्या, सॅडल्स खडखडायची, आणि ब्रिजमागचा तारांचा लांब तुकडा नको तेव्हा झंकारायचा. १९८० च्या सुमारास फेंडरनं जॅझमास्टर बनवणं बंद केलं. जुन्या गिटारी तारणाच्या दुकानांत स्वस्तात पडून राहिल्या.

त्या तिथून न्यूयॉर्कच्या सॉनिक यूथ या बँडच्या हाती लागल्या. थर्स्टन मूर आणि ली रनाल्डो यांनी ब्रिजमागचा तोच तुकडा मुद्दाम छेडायला सुरुवात केली; घंटांसारखा, थोडा बेसूर, थोडा झपाटलेला नाद. आणि आयर्लंड-इंग्लंडच्या माय ब्लडी व्हॅलेंटाइनमधला केव्हिन शील्ड्स दांडी हातात धरूनच तारा छेडू लागला. प्रत्येक आघाताबरोबर सूर थोडा खाली, थोडा वर. कोणताही स्वर नेमक्या जागी नाही. १९९१ च्या ‘लव्हलेस’ या तबकडीवर गिटारींचे थर असे एकमेकांवर चढतात की कानाला धरायला स्थिर सूर सापडत नाही, आणि ऐकणाऱ्याला तो हवाही वाटत नाही. जॅझमास्टरची दांडी सैल, लांब आणि मऊ चालीची आहे म्हणून हे साधतं; फ्लॉइड रोझच्या कडक, नेमक्या यंत्रावर तो हात तसा तरंगत नाही. फेंडरनं जॅझमास्टर पुन्हा बनवायला घेतली आहे. तिच्या ब्रिजच्या पायांवर टेप गुंडाळून खडखड थांबवणारे आणि मूळ ब्रिज जशाचा तसा, खडखडीसकट ठेवा म्हणून आग्रह धरणारे, असे दोन्ही वादक एकाच दुरुस्तीवाल्याच्या टेबलाशी येत राहतात.